रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनची रांग : टीव्हीवर चार सेकंद दिसते, प्रत्यक्षात अख्खा दिवस खाते

गाण्याच्या कुठल्याही शोचा नवा सीझन साधारण एकाच पद्धतीने सुरू होतो. वरून घेतलेला ड्रोनचा शॉट. खाली मैदानातून निघून रस्त्यापर्यंत वळणं घेत गेलेली माणसांची रांग. कुणाच्या पाठीवर गिटार, कुणाच्या सोबत आई, कुणी कॅमेऱ्याकडे बघून ओरडतंय. चार-पाच सेकंदांत शॉट बदलतो आणि आपण थेट परीक्षकांच्या खोलीत. दार उघडतं, स्पर्धक आत येतो, पाया पडतो आणि गायला लागतो.

बघणाऱ्याला वाटतं, ती रांग या दारापाशीच संपत असणार. प्रत्यक्षात तसं नसतं. रांगेतल्या बहुतेकांना टीव्हीवरचे परीक्षक दिसतसुद्धा नाहीत. रात्रीच्या एसटीने येऊन पहाटे पाचला नंबर लावलेल्या मुलाला दिवसाच्या शेवटी गायला मिळतं ते जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट, आणि तेही टीव्हीवर कधीच न दिसणाऱ्या माणसासमोर.

मग ही रांग असते कशासाठी, ती चालते कशी आणि हे सगळं माहीत असूनही लोक तिच्यात का उभे राहतात?

रांग आली कुठून?

टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा आपल्याकडे आधीपासून होत्या. झी टीव्हीवर १९९५ मध्ये 'सा रे ग म' सुरू झालं, सूत्रसंचालक होता सोनू निगम. दूरदर्शनवरच्या 'मेरी आवाज सुनो'मधून १९९६ मध्ये सुनिधी चौहान पुढे आली. पण या कार्यक्रमांत आपण बघायचो ती स्पर्धा. स्पर्धक तिथपर्यंत पोचला कसा, हे पडद्यामागेच राहायचं.

ते पडद्यावर आणलं ब्रिटनने. सायमन फुलर यांच्या कल्पनेतून २००१ मध्ये तिथे 'पॉप आयडॉल' सुरू झालं आणि २००२ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती 'अमेरिकन आयडॉल' आली. यातली नवी गोष्ट होती निवड दाखवण्याची. कोण आलं, कोण रडलं, कोणाला हाकललं, हे सगळं कार्यक्रमाचा भाग झालं. अनेकांना तर पुढच्या स्पर्धेपेक्षा सुरुवातीचे ऑडिशनचे एपिसोडच जास्त आवडायचे. गर्दी हा तिथून पुढे शोचा माल झाला.

२००४ मध्ये सोनी टीव्हीवर 'इंडियन आयडॉल' आलं. परीक्षक अनू मलिक, सोनू निगम आणि फराह खान. मार्च २००५ मध्ये लोकांच्या मतांवर जिंकला मुंबईचा मराठी मुलगा, अभिजीत सावंत. ओळखपाळख नसलेला मुलगा खुल्या ऑडिशनमधून येतो आणि देश त्याचं नाव घेतो, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत बघितलं गेलं. पुढे २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' आलं आणि कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत ही नावं घरातल्या मुलांसारखी झाली. त्यानंतर गल्लीतल्या गाण्याच्या क्लासला गर्दी वाढली नसती तरच नवल. आता रांगेत मुलांसोबत आई-बाबा, मामा, आजोबाही दिसायला लागले.

एका रांगेत चार रांगा

'ग्राउंड ऑडिशन' म्हणजे शहरात एक जागा ठरवून, तारीख जाहीर करून घेतलेली खुली चाचणी. जागा म्हणजे बहुतेक वेळा शाळा, कॉलेज किंवा मोठा हॉल. गेट उघडण्याची वेळ सकाळची दिलेली असते, पण रांग लागते पहाटेपासून. बाहेरगावचे लोक आदल्या रात्रीच येतात, कारण सकाळच्या गाडीवर विसंबून कोण राहणार!

पहिली रांग गेटबाहेरची. हिच्यात कुणाकडेच नंबर नसतो, त्यामुळे भांडणं हिच्यातच होतात. "आमचा माणूस पुढे उभा आहे" म्हणत सहा जण घुसतात आणि मागचे ओरडतात. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम माणसं रांगेत घुसवून लोक काय करतात ते पाहिलं होतं. त्यांचा १९८६ मधला अभ्यास सांगतो की एकटा माणूस घुसला तर बरेचदा कुणी काही बोलत नाही, दोघं घुसले की विरोध खूपच वाढतो. मिलग्रमच्या लोकांनी तिकीट खिडकीवर हे केलं. ऑडिशनच्या गेटवर केलं असतं तर निकाल कदाचित जास्त आवाजात लागला असता.

दुसरी रांग नोंदणीची. इथे वयाचा पुरावा, ओळखपत्र, फोटो दाखवायचे आणि फॉर्म भरायचा. वयाची अट शोनुसार आणि सीझननुसार बदलते. 'अमेरिकन आयडॉल'ने सुरुवातीला वरची मर्यादा २४ ठेवली होती, ती पुढे २८ झाली आणि खालची १६ वरून १५ वर आली. आपल्याकडेही जाहिरात नीट न वाचता आलेले आणि वयावरून इथेच परत फिरलेले लोक प्रत्येक वेळी असतात. बाकीच्यांना नंबर मिळतो, छातीवर चिकटवायला स्टिकर किंवा मनगटावर पट्टा. हा नंबर हातात पडला की खरं तर निम्मा जीव भांड्यात पडतो, कारण आता जागा सोडून बाथरूमला जाता येतं.

तिसरी रांग बसून असते. मोठ्या हॉलमध्ये किंवा मंडपात खुर्च्या, नाहीतर सतरंज्या. आपल्या नंबरांचा गट पुकारला जाईपर्यंत थांबायचं. इथे दिवस संपतो. कोपऱ्यात कुणी फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून कानात बोट घालून सूर लावत असतं, कुणी त्याच गाण्याचा मुखडा शंभराव्यांदा म्हणतं आणि शेजारचा "हेच गाणं मीही म्हणणार होतो" म्हणून घाबरून गाणं बदलतो. (बदलू नये. पण बदलतात.)

चौथी रांग छोटी असते, खोलीबाहेरची. आत टेबलामागे एक किंवा दोन माणसं. ही शोच्या निर्मिती टीमची असतात किंवा टीमने त्या दिवसापुरते बोलावलेले संगीत जाणणारे असतात. अनेकदा चार-पाच जणांना एकदम आत घेतात. एकेकाने पुढे यायचं, नाव-गाव सांगायचं, गायचं. "बस" किंवा "थँक यू" ऐकू आलं की थांबायचं. सगळ्यांचं झालं की कुणाला थांबायला सांगतात, बाकीचे दुसऱ्या दाराने बाहेर.

आकडे काय सांगतात?

आपल्याकडच्या शोंचे दावे जाहिरातीच्या भाषेत येतात, 'लाखोंमधून निवडलेले' वगैरे. त्यापेक्षा 'अमेरिकन आयडॉल'ची रचना जास्त उघडपणे नोंदली गेली आहे. तिथे गर्दीच्या काळात एकेका शहरात १० हजारांहून जास्त लोक यायचे, म्हणून स्टेडियम घ्यावं लागायचं. आधी येऊन पट्टा आणि सीटचा नंबर घ्यायचा, मग ठरलेल्या दिवशी भल्या पहाटे परत यायचं. मैदानात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलासमोर एका वेळी चार जण. या पहिल्या चाळणीतून पुढे जायचे काही शे. त्यांना निर्मात्यांसमोर पुन्हा गावं लागायचं, तिथे आणखी गळती. त्यानंतर उरलेल्यांना टीव्हीवरचे परीक्षक भेटायचे आणि तेही त्या दिवशी नाही, नंतरच्या वेगळ्या तारखेला. शेवटी एका शहरातून पुढच्या फेरीत जायचे साधारण १० ते ६० जण.

म्हणजे ड्रोनच्या शॉटमधली रांग आणि परीक्षकांची खोली यांच्यामध्ये कित्येक दिवसांचं अंतर असतं. एडिटिंगमध्ये दोन्ही शेजारी लावले की एकच दिवस वाटतो.

मग एक प्रश्न उरतो. एवढ्या चाळण्यांतून फक्त चांगलेच गायक पुढे जात असतील, तर परीक्षकांसमोर भयानक बेसूर गाणारे कसे पोचतात?

उत्तर सोपं आहे. त्यांना पोचवलं जातं. 'अमेरिकन आयडॉल'च्या २००४ च्या सीझनमध्ये विल्यम हंग नावाचा, बर्कलीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणारा विद्यार्थी परीक्षकांसमोर आला. त्याला ना सूर होता ना ताल. परीक्षकांनी त्याला नाकारलं आणि तो अमेरिकेत रातोरात प्रसिद्ध झाला, पुढे त्याचा अल्बमही निघाला. पण परीक्षकांपर्यंत जायला त्यालाही आधीच्या चाळण्या पार कराव्या लागल्याच असणार. टेबलामागच्या माणसाच्या यादीत 'उत्तम' हा एक रकाना असतो आणि 'बघायला मजा येईल' हा दुसरा. मधल्यांना, म्हणजे बऱ्यापैकी सुरात, मन लावून, पण हजार जणांसारखं गाणाऱ्यांना, कुठलाच रकाना नसतो. रांगेत सगळ्यात जास्त संख्या त्यांचीच असते.

कॅमेरा रांगेत काय शोधत असतो?

रांग चालू असतानाच एक-दोन कॅमेरे तिच्यातून फिरत असतात. सोबत हातात कागद घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असते, पदवी संपवून नुकतीच या धंद्यात आलेली. त्यांचे प्रश्न ठरलेले. कुठून आलात? घरी कोण असतं? बाबा काय करतात? गाण्याला विरोध होता का?

या प्रश्नांकडे गप्पा म्हणून बघू नये, त्याही निवडीचाच भाग आहेत. शोला आवाज लागतो तशीच गोष्ट लागते आणि गोष्ट रांगेतच सापडते. सोबत आलेली थकलेली आई, वडिलांची रिक्षा, हातावरचं देवाचं नाव, सगळं टिपलं जातं. यात खोटं काही नसतं, पण कुठली खरी गोष्ट कामाची हे ठरवणारा दुसरा कुणीतरी असतो. ज्याच्या घरी सगळं ठीक आहे, वडील बँकेत आहेत, आई गाणं शिकवते, त्याला पुढे 'स्ट्रगल'वर बोलायला सांगितलं की तो बिचारा आठवून आठवून एखादा जुना ताप सांगतो.

गर्दीचे शॉटही असेच घेतले जातात. "मी म्हटलं की सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं" असं सांगून चार-पाच वेळा ओरडून घेतात. सकाळपासून उपाशी उभा असलेला माणूस कॅमेरा आला की उड्या मारतो. प्रत्येकाला वाटतं, आपला उत्साह कुणीतरी टिपतोय. टिपतातही, पण एकट्याचा चेहरा नाही, गर्दी म्हणून.

या सगळ्याला परवानगी कधी दिली? नोंदणीच्या टेबलावर, फॉर्मवर सही करताना. तुमचं चित्रण, आवाज, सांगितलेली माहिती कार्यक्रमात आणि जाहिरातीत वापरता येईल, त्याचा मोबदला मिळणार नाही, एडिटिंगवर तुमचा हक्क नाही, अशा अर्थाची कलमं या फॉर्मवर सर्वसाधारणपणे असतात. मागे चारशे लोक उभे असताना तीन पानं बारीक अक्षरात कोण वाचणार? पण फोनवर फोटो काढून ठेवायला दहा सेकंद लागतात. मूल १८ च्या आतलं असेल तर सही पालकाची असते, म्हणजे वाचायची जबाबदारीही त्यांचीच.

मुलांच्या बाबतीत कायद्यात एक तरतूद आहे. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. रांगेतलं मूल मात्र अजून कलाकार म्हणून घेतलेलंच नसतं. त्याचे सात तास कुणाच्या वहीत लिहायचे?

माहीत असूनही लोक का थांबतात?

रांगांवर बराच अभ्यास झाला आहे. डेव्हिड मेस्टर यांचा १९८५ चा 'वाट पाहण्याचं मानसशास्त्र' सांगणारा लेख आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : रिकामा वेळ मोठा वाटतो, कामात गेलेला छोटा. किती थांबायचंय ते माहीत नसलं की वेळ आणखी ताणतो. एकट्याची वाट मोठी, सोबतीची छोटी. आणि शेवटी मिळणारी गोष्ट जितकी मोलाची, तितका माणूस जास्त थांबतो.

ऑडिशनच्या रांगेला हे ताडून बघा. किती वेळ लागेल ते कुणी सांगत नाही, भीती पोटात असते, म्हणजे वेळ नको तितका लांबतो. पण दुसऱ्या बाजूला अनोळखी माणसांचं दोन तासांत टोळकं जमतं. एकाकडे चिवडा, दुसऱ्याकडे हार्मोनियमची थोडी जाण, तिसऱ्याला मागच्या वर्षीचा अनुभव. दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालेला असतो. ज्या माणसाला आपण हरवायला आलोय, त्याच्याच बॅगेवर डोकं ठेवून झोपायचं, असा प्रकार दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत क्वचितच दिसेल.

लिऑन मान यांनी १९६० च्या दशकात मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या तिकिटांच्या रांगा अभ्यासल्या. लोक रात्रभर तंबू ठोकून थांबायचे. ज्यांच्यापर्यंत तिकिटं पोचणं जवळपास अशक्य होतं, तेही थांबायचे, आणि हे मागचे लोक आपल्यापुढे किती जण आहेत याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी सांगायचे. आशा असली की डोळे कमी मोजतात. तिकिटाच्या रांगेत निदान तिकिटं किती हे ठरलेलं असतं. ऑडिशनमध्ये तेही नसतं. शेवटचा माणूसही म्हणू शकतो, "ते माझीच वाट बघतायत."

त्यात घातलेला खर्च असतो. सुट्टी टाकली, गाडीभाडं गेलं, मित्रांना सांगून झालं, इन्स्टावर स्टोरी टाकली. दुपारी दोनला कळतं की आज नंबर लागेलच असं नाही. तरीही परत जायची हिंमत होत नाही, कारण मग सकाळचे आठ तास वाया गेले असं मान्य करावं लागतं. थांबलं तर ते अजून वाया गेलेले नसतात.

पाणी, बाथरूम आणि गर्दी

अडचणी इथे खऱ्या होतात. ऊन, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह या गोष्टी आयोजकाच्या यादीत शेवटी येतात. २०१८ मध्ये एका माजी स्पर्धकाने २०१२ च्या एका गाजलेल्या गाण्याच्या शोच्या ऑडिशनबद्दल ट्विटरवर सविस्तर लिहिलं होतं. तासन् तास रांग, खाण्यापिण्याची आणि बाथरूमची सोय नाही, रांग सोडली तर जागा गेली, आणि त्याच गर्दीकडून कॅमेऱ्यासाठी जल्लोष करून घेणं, असे त्याचे आरोप होते. त्यावर बातम्या झाल्या आणि बऱ्याच लोकांनी खाली "आमचंही असंच झालं" म्हणून लिहिलं.

रांगेतल्या मुली अनेकदा पाणीच पीत नाहीत, कारण मग बाथरूम शोधावं लागतं. गाणाऱ्यासाठी हे सगळ्यात वाईट. घसा कोरडा पडला की आवाज आधी वरच्या सुरांत फुटतो.

गर्दी हाताबाहेर गेली तर काय होतं याची उदाहरणंही आहेत. १४ मार्च २००९ ला न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल'च्या ऑडिशनसाठी एका हॉटेलबाहेर रांग होती. तो सीझन कमी उंचीच्या मुलींसाठी होता, त्यामुळे एरवी दारातूनच परत जाणाऱ्याही आल्या होत्या. अचानक घबराट पसरली, चेंगराचेंगरी झाली, सहा जण जखमी झाले आणि तिघांना अटक झाली. त्याआधी ४ फेब्रुवारी २००६ ला फिलिपिन्सच्या मनिला भागात 'वाववावी' या गेम शोसाठी लोक दिवस-दिवस आधीपासून स्टेडियमबाहेर मुक्काम ठोकून होते. गेटपाशी चेंगराचेंगरी झाली आणि ७० हून अधिक लोक मेले, त्यात वयस्कर बायका खूप होत्या. तिथे कुणी गायक व्हायला आलं नव्हतं, बहुतेक जण बक्षिसाच्या आशेने आलेले गरीब लोक होते. पण टीव्हीच्या दारात 'आत किती घेणार' हे न सांगता माणसं जमवली की काय होतं, ते दोन्हीकडे तेच.

पाऊण मिनिटाची तयारी

पहिल्या चाळणीत तबला-पेटी नसते, ट्रॅक नसतो. म्हणजे सूर स्वतःच धरायचा. आणि इथेच बरेच चांगले गाणारे पडतात.

सात तास बसून, घाबरून, एकदम आत गेलं की माणूस नेहमीच्या पट्टीपेक्षा वर सुरुवात करतो. घरी पांढरी दोनमध्ये म्हणणारा मुलगा टेबलासमोर त्याच्या दीड-दोन सूर वर लागतो. मुखडा निघून जातो, अंतऱ्याला वर जायची वेळ आली की आवाज चिरकतो. उपाय साधा आहे. आत जायच्या आधी फोनवरच्या तानपुऱ्याने आपला सा कानात भरून घ्यायचा आणि खोलीत पहिलं अक्षर उच्चारण्याआधी एक श्वास थांबायचं. कुणी ओरडत नाही त्या एका श्वासाला.

गाण्याचा कुठला तुकडा म्हणायचा हेही रांगेत ठरवायची गोष्ट नव्हे. पंचेचाळीस सेकंदांत लांबलचक आलाप घेतला तर शब्द यायच्या आत "थँक यू" येतं. आपल्या आवाजाचं जे बलस्थान आहे, ते पहिल्या दहा सेकंदांत यायला हवं, मग तो अंतरा का असेना. आणि पहाटेपासून पूर्ण आवाजात रियाज करू नये. रांगेत सकाळी सातला सगळ्यात जोरात गाणारा मुलगा संध्याकाळी पाचला आत जातो तेव्हा बसलेल्या आवाजाने जातो, हे जुन्या लोकांनी पाहिलेलं असतं.

आता तर सगळं ऑनलाइन आहे ना?

बरंचसं. 'कौन बनेगा करोडपती'ने २००० मध्येच रांग फोनच्या तारांवर नेली होती. लोक एसटीडी बूथवरून, घरच्या फोनवरून तासन् तास नंबर फिरवायचे. आता अ‍ॅपवर नोंदणी होते, त्यातून काही जणांना फोन येतो आणि प्रत्यक्ष चाचणीला मोजकेच बोलावले जातात. करोनाने २०२० मध्ये गाण्याच्या शोंनाही हेच करायला लावलं. 'अमेरिकन आयडॉल'ने झूमवर ऑडिशन घेतल्या, 'इंडियन आयडॉल'नेही त्या वर्षी व्हिडिओ मागवले.

शिवाय शोची टीम आता स्वतःच लोक शोधते. यूट्यूब, इन्स्टाग्राम, कॉलेजचे महोत्सव, गाण्याचे गुरू, सगळीकडून नावं येतात. अशा मुलांना गेटबाहेर पहाटे पाचला उभं राहावं लागत नाही, त्यांना वेळ दिलेली असते. टीव्हीवर मात्र सगळे एकाच रांगेतून आल्यासारखे दिसतात. रांगेत उभ्या असलेल्याला ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि त्याला सगळ्यात आधी तीच कळायला हवी.

'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या सीझनची ६ ऑक्टोबर २०२४ ची फायनल आठवा. शेवटी स्टेजवर दोघं उरले होते. एक अभिजीत सावंत, वीस वर्षांपूर्वी खुल्या ऑडिशनमधून आलेला. दुसरा बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण, टिकटॉकच्या व्हिडिओंतून लोकांना माहीत झालेला. जिंकला सूरज.

ऑनलाइन आल्याने वाट पाहणं संपलं मात्र नाही. व्हिडिओ अपलोड केला की 'सबमिटेड' असं दिसतं आणि पुढे काहीच दिसत नाही. रांगेत निदान पुढे किती डोकी आहेत ते मोजता यायचं.

फसवणुकीची रांग

याच न दिसणाऱ्या रांगेत ठग शिरले आहेत. 'तुमचा व्हिडिओ शॉर्टलिस्ट झालाय, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा', 'थेट मेगा ऑडिशनला बसवतो', 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करावा लागेल' असे फोन येतात. २०२५ मध्ये भोपाळच्या एका डॉक्टरला 'बिग बॉस'मध्ये प्रवेश मिळवून देतो म्हणून १० लाख रुपयांना फसवल्याचा गुन्हा मुंबईत नोंदवला गेला. शिकलेला, कमावता माणूस फसतो, तिथे बारावीतली मुलगी आणि तिचे आई-बाबा काय करणार!

मोठ्या वाहिन्या ऑडिशनसाठी पैसे घेत नाहीत आणि तसं त्या वेळोवेळी जाहीरही करतात. तारीख, जागा, लिंक वाहिनीच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा पेजवर दिसत नसेल तर ती ऑडिशन नाही, असं धरून चाला. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

'नाही' म्हटल्यावर

खोलीतून दुसऱ्या दाराने बाहेर आलेल्या माणसाला कारण सांगितलं जात नाही. पाऊण मिनिटात टेबलामागच्याने काय पाहिलं, त्याला काय हवं होतं, त्या यादीत तोवर किती जण भरले होते, काही कळत नाही. त्यामुळे घरी जाताना माणूस स्वतःच कारणं शोधतो आणि बहुतेक वेळा आपल्या गाण्यातच शोधतो.

निवड झालेल्यांचंही सरळ असतं असं नाही. अरिजीत सिंग २००५ मध्ये 'फेम गुरुकुल'मध्ये होता आणि विजेता झाला नाही. नेहा कक्कर 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या सीझनमधून बाहेर पडली आणि २०१८ मध्ये दहाव्या सीझनला परीक्षकाच्या खुर्चीत बसली.

आणि एक उदाहरण गाण्याबाहेरचं. 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'च्या अमृतसरमधल्या ऑडिशनला कपिल शर्मा गेला होता, तिथे त्याला नाकारलं. मग तो दिल्लीच्या ऑडिशनला गेला. शो तोच, माणूसही तोच, फक्त शहर बदललं होतं. तिथे त्याला घेतलं आणि २००७ चा सीझन तो जिंकला.